हजेरीतल्या त्या बाई

त्या फारमचा तिसरा रकाना मीच आखला होता, म्हणून दुसऱ्या कोणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नाही. 'माहेरचे पूर्ण नाव' असा तो रकाना. आमच्या भागातल्या जुन्या शिक्षिकांची माहिती जमवायला मी एक पानी फारम तयार केला, त्याच्या गठ्ठाभर झेरॉक्स काढल्या आणि मोहगावच्या एका घरी तो भरायला दिला. दिला कोणाच्या हातात, तर घरातल्या पुरुषाच्या. बायकांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणारी मी, तीस वर्षं हेच करून राहिलेली, आणि बाई समोर बसलेली असताना फारम दिला तिच्या मुलाला! आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

मी राहते पांढुर्ण्यात आणि शिकवते सौंसरकडच्या एका सरकारी कॉलेजात. विषय इतिहास. संशोधन आयुष्यभर एकच: या दोन गावांत आणि आसपासच्या खेड्यांत मुलींना पहिल्यांदा शिकवणाऱ्या बाया कोण होत्या, कुठून आल्या, पुढं त्यांचं काय झालं. नागपूर-पुण्याकडच्या परिषदेत गेलं की विचारतात, 'अय्या, मध्य प्रदेशात मराठी शाळा होत्या?' पांढुर्ण्याची आहे म्हटलं की चहाच्या सुट्टीत सगळे गोटमारीबद्दल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या त्या दगडफेकीबद्दल, विचारायला जमतात. माझा निबंध गेला चुलीत. भोपाळकडं गेलं तर म्हणतात, मॅडम, हे तर महाराष्ट्राचं मटेरियल, तिकडंच छापा. आता गाव उचलून नेऊ कुठं मी? कॉलेजातले सहकारी माझ्या कामाला 'मॅडमचं बाईपुराण' म्हणतात. पाठीमागं नाही, तोंडावर म्हणतात आणि वर हसतात.

मोहगावच्या त्या आजींबद्दल मला तिथल्याच एका विद्यार्थिनीनं सांगितलं. संत्र्याचा बगीचा असलेलं घर. आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या, अंगानं काटकुळ्या, पण बसलेल्या ताठ. मुलगा सरकारी नोकरीतून रिटायर झालेला, त्यालाच आता गुडघेदुखी. मी येणार म्हणून त्यानं खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या.

"मी सौंसरच्या पोरीइच्या शाळेत मास्तरीण होती," आजींनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. "चार वर्सं."

मुलगा हसला. "मॅडम, आई चौथी-पाचवी शिकली असंन. शाळेत जात होती, तेच तिले आता शिकवल्यासारखं वाटून राहिलं."

"अरे, शिकून नाही, शिकवून राहिली होती मी!" आजी कडाडल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझे कान टवकारले. आमच्या भागाची राजधानी भोपाळ नव्हे, नागपूर होती तेव्हाची गोष्ट. सातवीची फायनल पास झालेली पोरगी, वय सोळा-सतरा, वडिलांनी धाडस करून शाळेत लावली. शाळेच्या ओसरीवर वर्ग, लहान पोरींना चिंचोके मांडून बेरीज शिकवायची. पोरी रडायला लागल्या की खडीसाखर द्यायची. मग लग्न ठरलं. सासऱ्यांना सून मास्तरीण होती हे चारचौघांत नको होतं. 'आमच्या घरात ते बोलायचं नाही,' असं पहिल्याच दिवशी सांगितलं.

"मंग मी नाही बोलली," आजी म्हणाल्या. "सासरे गेले, हे गेले, तवा तोंड उघडलं. तं पोट्टे म्हणते आजीले भरम झाला. मले काही नाही पाह्यजे बाई. एक कागद पाह्यजे. या पोट्ट्याइले दाखवाले."

मी म्हटलं, आजी, कागद मी शोधते. अगदी छातीवर हात ठेवून म्हटलं. मग पर्समधून फारम काढला. मुलानं लगेच खिशाचा पेन काढला, नोकरीतली सवय, आणि वळणदार अक्षरात झरझर सगळे रकाने भरून दिले. मी घडी घालून पर्समध्ये टाकला. आजींना दाखवलासुद्धा नाही.

पुढची दोन वर्षं मी खेटे घातले. सौंसरच्या त्या शाळेत गेलं की बडे बाबू म्हणायचे आवेदन द्या. आवेदन दिलं की वरून परवानगी आणा. वर म्हणजे कुठं, तर तेही नक्की नाही, कारण आमचा जिल्हा नवा झाला तेव्हापासून कोणतं कपाट कुठल्या गावी गेलं हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. शनिवारी गेलं तर बाबू जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला, सोमवारी गेलं तर चाबी ज्याच्याकडं तो रजेवर. एकदा तर बाबूंनी मला खूप आपुलकीनं समजावलं, "मॅडम, इतकी जुनी कागदं कायले उकरता? त्या बाया तं आता राह्यल्या बी नाही." मी म्हटलं, एक राहिली आहे, तिच्यासाठीच उकरून राहिली मी. ते 'बाप्पा!' म्हणाले आणि चहा मागवला. चहा दर वेळी मिळाला, पेटी नाही.

शेवटी नव्या बड्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, बदलून आल्या, भल्या होत्या, त्यांनी स्वतः उभं राहून पत्र्याची पेटी उघडून दिली. उंदरांनी कुरतडलेले दाखल-खारिजचे, म्हणजे पोरींची नावं घातल्या-काढल्याचे, गठ्ठे आणि तळाशी शिक्षिकांच्या हजेरीची चार रजिस्टरं. नेमकी त्याच वर्षांची! मला तिथल्या तिथं नाचावंसं वाटलं. हजेरीत शिक्षिकांची फक्त पहिली नावं होती, मागं 'बाई' लावून. बापाचं नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. लग्न झालेली नसेल तर आधी 'कु.' एवढंच. मी पानापानावर बोट फिरवलं. फारमवर लिहिलेलं आजींचं नाव कुठंच नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. नव्हतं.

दुसरंच एक नाव मात्र पानोपानी होतं. एक कुमारी बाई. सही लहान, ताठ, रोजची. चार वर्षांत एकच दिवस गैरहजर. आणि शेवटच्या रजिस्टरात, ऐन लगनसराईत, तिची सही एका ओळीत मधेच थांबते. पुढचे रकाने कोरे. त्या कोऱ्या रकान्यांनी मला वेड लावलं. कोण ही पोरगी, कुठं गेली? मी सौंसरच्या गल्ल्यांत विचारलं, बोरगावला विचारलं, कोणाला काही सांगता येईना.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. मला कळलं नाही. मी डॉक्टरेट आहे ना!

मग मी लेख लिहिला. एका संशोधन पत्रिकेत छापून आला. त्या अनोळखी कुमारी बाईंवर मी सबंध परिच्छेद लिहिला, कौतुकानं ओथंबलेला. आणि त्याच पानावर खाली, निष्पक्ष दिसावं म्हणून, हे लिहिलं: मोहगावच्या एका वयोवृद्ध महिलेचा शिक्षिका असल्याचा दावा कागदपत्रांवर टिकत नाही, तिची साक्ष विश्वासार्ह मानता येत नाही, कारण उतारवयात विद्यार्थीदशेच्या आणि शिक्षकी पेशाच्या आठवणींची सरमिसळ होऊ शकते. किती रुबाबदार वाक्य! लिहिलं तेव्हा मी स्वतःवर खूश होते. कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, लेखाची एक प्रत मी मोहगावला नेऊनही दिली. दिलेला शब्द पाळला असं मला वाटत होतं. कागद मागितला होता, हा घ्या कागद.

मुलानं तो आजींना मोठ्यानं वाचून दाखवला. हे त्यानंच मला फोनवर सांगितलं. "बरं केलं मॅडम, एकदाचा तुकडा पाडला तुम्ही. आता घरात कटकट नाही." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. घरात मात्र सुना-नातवंडांना खेळच मिळाला. 'मास्तरीणबाई, चहा घ्या.' 'मास्तरीणबाई, पाढे म्हणा.' आजी शाळेचं बोलायच्या थांबल्या. चाळीस वर्षं सासऱ्यांनी गप्प बसवलं होतं, आता मी बसवलं, तेही तळटीप देऊन.

पुढच्या वर्षी शाळेत जुन्या शिक्षिकांच्या नावांची पाटी लावायचं ठरलं. बड्या मॅडमनी यादी माझ्याकडून घेतली. माझ्याइतकं कोणी खणलंच नव्हतं. ज्या हयात आहेत त्यांना मंचावर बसवून शाल-श्रीफळ द्यायचं होतं. त्यांनी विचारलं, "मोहगावची ती आजी आहे न, तिले बोलवू का? म्हातारी खूश होऊन जाईन."

मी म्हटलं, "नोंद नाही मॅडम."

"अवो, पण म्हातारं माणूस..."

"नोंद नाही म्हणजे नाही. उद्या कोणीही येईल सांगत."

हे मी म्हटलं. मीच.

कार्यक्रमाला आजी आल्याच. मुलगा म्हणाला, तिनं हट्ट धरला, दोन दिवस जेवली नाही धड. सकाळी अकराचं ऊन, मंडपाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तिसऱ्या रांगेत कडेला त्या बसल्या. मंचावर दोन निवृत्त शिक्षिका आणि प्रमुख वक्ता म्हणून गळ्यात हार घातलेली मी. मी अर्धा तास बोलले, विस्मरणात गेलेल्या बायांबद्दल. टाळ्याही पडल्या. मग पाटीवरचा पडदा ओढला आणि लोक आलूबोंड्यांकडं धावले.

पाटीपाशी फक्त आजी आणि त्यांचा मुलगा उरले. मी नमस्कार करायला गेले. आजी पाटीवरच्या एकेका नावावर बोट ठेवत हळूहळू वाचत होत्या. कोणाकोणाला ओळखत होत्या, "ही चष्मेवाली... ही लय मारे..." असं पुटपुटत होत्या. मग बोट त्या कुमारी बाईच्या नावावर आलं आणि थांबलं.

"हे मी होय," आजी म्हणाल्या.

"आई, ते दुसऱ्या बाईचं नाव होय," मुलगा समजुतीनं म्हणाला.

"माझं होय. लगनात बदललं. ताटात तांदूळ पसरले अन् तुह्या बापानं अंगठीनं दुसरं लिहिलं. तुले काय मालूम? तू होता का तवा?"

मुलाला पासष्ट वर्षांत माहीत नव्हतं की आईला आणखी एक नाव होतं. त्यानं फारमवर मामांचं आडनाव बरोबर लिहिलं, आजोबांचं नाव बरोबर लिहिलं, आणि पुढं आईचं जन्मभर ऐकलेलं नाव जोडलं. ते काय आईला विचारायचं? त्याचं सोडा, त्यानं कधी इतिहास शिकवला नाही. मी शिकवते. माझंच नाव असंच ताटातल्या तांदळांत बदललेलं आहे. डिग्री एका नावाची, रेशन कार्ड दुसऱ्या नावाचं, आणि दोन्ही बाया एकच म्हणून मी किती शपथपत्रं केली त्याची गणतीच नाही. दर वर्षी वर्गात पोरींना हे रंगवून सांगते. आणि लग्नाच्या ताटात पहिलं नावही पुसलं जातं हे सरकारी अक्षरातला तो फारम वाचताना मला एकदाही सुचलं नाही. ज्या पोरीचा माग काढत मी गल्ल्या तुडवल्या, तिनं मला पहिल्याच दिवशी आपल्या घरी चहा पाजला होता.

"आजी, तुम्ही सांगितलं का नाही मला?" माझा आवाज चढला. राग कोणावर काढत होते देव जाणे.

"तुम्ही इचारलं का? फारम तं यानं भरला."

मी धावत बड्या मॅडमकडं गेले. त्या हात पुसत म्हणाल्या, "पण मॅडम, नाव तं पाटीवर आहेच न? मंग आता काय करायचं?" खरंच काय करायचं? मंचावरची सतरंजी गुंडाळून झाली होती, शाली संपल्या होत्या. मला मिळालेली शाल मी आजींच्या खांद्यावर घालायला गेले. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. "तुमची होय ते. तुम्हीच पांघरा."

मुलगा तेवढ्यात पाणी आणायच्या निमित्तानं दूर गेला आणि बराच वेळ आला नाही.

त्याच आठवड्यात मी पत्रिकेच्या संपादकांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं की दोन नावांची व्यक्ती एकच असल्याचा पुरावा जोडा. लग्नाचा दाखला तेव्हा कोण काढत होतं? सातवीच्या फायनलचा कागद माहेरीच कधीचा गहाळ. आधार, मतदार कार्ड, बँकेचं पुस्तक, सगळं सासरच्या नावाचं. माहेरी भाऊ सगळे गेलेले, भाचरांना आत्याचं एकच नाव ठाऊक, तेही लग्नानंतरचं. शपथपत्र करायला गेलो तर म्हणाले जुन्या नावाचा काही आधार आणा. जुन्या नावाचा आधार म्हणजे शाळेची हजेरी, आणि हजेरीत बापाचं नाव नाही. मी आजींकडून जुन्या नावाची सही करून घेतली. लगनानंतर ते नाव त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं. हात इतका कापत होता की दुसऱ्या अक्षरावर पेन घसरला. रजिस्टरातली ती ताठ सही आणि ही, कोण जुळवणार? तरी पाठवली.

संपादकांचं शेवटचं पत्र चार ओळींचं होतं. आपल्याच लेखात आपण सदर महिलेची साक्ष विश्वासार्ह नसल्याचं नमूद केलं आहे, त्यामुळे केवळ तिच्या सांगण्यावरून दुरुस्ती करणं शक्य नाही, क्षमस्व. मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून ते तीनदा वाचलं. बरोबर होतं लेकाचं! हाच नियम मी एम.ए.च्या पोरांना घोकून घेते. आजींच्या विरुद्ध आता जगात एकच कागद होता आणि तो माझा होता.

मोहगावला जायला मला पंधरा दिवस लागले. धीरच होत नव्हता. गेले तेव्हा आजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि मुलगा बाजूला बसून त्यांना शेंगा निवडून देत होता. मी सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही, संपादकांचं वाक्यही वाचून दाखवलं. मुलगा चिडला, "असं कसं मॅडम? आई समोर बसली न जिवंत!" मागच्या वर्षी तुकडा पडला म्हणून खूश झालेला हाच माणूस. त्याच्यावर चिडायचाही हक्क मला उरला नव्हता.

आजींनी सोललेले दाणे सुपात सारखे केले. "म्हणजे कागद नाही भेटत."

"नाही भेटत आजी."

"तुम्हाले पटलं न, का मी शिकवलं म्हणून?"

"पटलं. पूर्ण पटलं."

"मंग तुम्हीच लिवा न. मी चुकली म्हणून लिवा. दुसऱ्याच्या कागदाची वाट कायले पाहता?"

मी सांगायला लागले की तसं चालत नाही, पत्रिका असं छापत नाहीत, पुराव्याशिवाय लिहिलं तर माझ्या सगळ्या कामावरच लोक बोट ठेवतील, तीस वर्षांचं... आजींनी हात वर केला. वर्गात गोंगाट झाला की करतात तसा.

"मी चार वर्सं पोरीइच्या पाट्या तपासल्या," त्या म्हणाल्या. "पोरगी चुकली तं तिची पाटी मी कधी पुसली नाही. तिच्या हातानं तिनं पुसावं अन् तिच्या हातानं खाली बराबर लिहावं. रडली तरी."

मी मान डोलावली. मग कागद-पेन काढला आणि सवयीनं विचारलं, "तुमचं नाव टाकू का आजी? जुनं टाकू?"

"माझं कायले?" आजी म्हणाल्या. "चूक कोणाची हाय, तिचं टाका."